उकाडा खाली जातो

चंद्रपूरच्या खालच्या पेठेत विहिरीचं पाणी एवढं तापलं, की बायका डाळ फडक्यात बांधून दोरीनं आत सोडायच्या अन् वर काढून नुसती फोडणी द्यायच्या. बेडूक तर कधीच बिऱ्हाड उचलून गेले होते. सुरुवातीला लोक खूश. अंघोळीचा गॅस वाचला! मग मे महिना लागला, तेच पाणी कुलरमध्ये गेलं अन् कुलर इडलीपात्रासारखा वाफ मारायला लागला. मोनालीबाईंची धाकटी जाऊ करुणा भोवळ येऊन पलंगावरच आडवी झाली.

"बाई, वर टेकडीवर जा," करुणा म्हणाली. "आर्वी तुमची पोटची पोर. तिला पाताळी बंद करायला सांगा. नाहीतर मी चालले."

"कुठं चाललीस?"

"जिथं कुलर लागत नाही तिथं."

पाताळी म्हणजे टेकडीवरची घरं गार ठेवणारं यंत्र. आर्वी त्याचीच इंजिनियर. तिच्या घरात फरशीला पाय लागला अन् मोनालीबाईंच्या तोंडून "हाय गं माय!" निघालं.

"जादू केली का गं?"

"जादू कसली, माय. उकाडा मरत नाही. इथून काढला, की कुठंतरी ठेवावा लागतो. नळ्यांतलं पाणी तो घेऊन तीनशे फूट खाली जातं, मातीत सोडतं, गार होऊन वर येतं. हिवाळ्यात तोच उकाडा परत घरात आणायचा, अशी मुळात सोय."

"मग आणा की!"

"आपल्याकडं हिवाळा उरलाय कुठं? आम्ही नुसतं खाली ढकलतोय. इथली माती भरली. अन् जमिनीखालचं पाणी उताराकडं सरकतं."

"म्हणजे आमच्याकडं."

"आमच्या या घराच्या नळ्या तर थेट तुमच्या विहिरीच्या वाटेवर आहेत."

मोनालीबाई भडकल्या. "हे तुला माहीत होतं? काकूनं तुला कडेवर वाढवलं ना गं!"

आर्वी उठली, भिंतीवरच्या बटणापाशी गेली.

"तुझ्यासमोर बंद करते. पण तासाभरात इथं भट्टी होईल. अन् आज बंद केली तरी विहीर निवायला वर्षं जातील. तू म्हण, मी दाबते."

मोनालीबाईंनी तोंड उघडलं. मानेवरचा घाम नुकताच सुकला होता. महिनाभर चावणारं घामोळं गप्प झालं होतं.

"आधी जेवून तर घेऊ," त्या म्हणाल्या.

जेवण झालं. मग म्हणाल्या, "जरा पाठ टेकते." आर्वी परत बटणापाशी जाऊन उभी राहिली.

"माय? काय करू?"

"काही पांघरायला दे गं. पायात हीव भरलं."

आर्वीनं गोधडी आणून दिली. बाहेर दुपार नुसती पेटली होती. तेवढ्यात करुणाचा फोन आला.

"बाई, केली ना हो बंद? मला वाटलंच! आत्ताच बादली काढली. हाताला पाणी निवल्यासारखं लागतंय, बाप्पा!"

मोनालीबाईंनी पोरीकडं पाहिलं नाही. गोधडी कानापर्यंत ओढली.

"हाव," त्या म्हणाल्या, "केली बंद."