उर्मीच्या कानातले हट्टी खडे

चालताना चक्कर नाही, धावताना नाही, जिना चढतानाही नाही. पण आडवं पडून मान वळवली, की जग गरगरगर! आता तुम्हीच सांगा, असा कुठं आजार असतो का? ऋजुता केंजळेलाही असंच वाटलं होतं. तिथंच सगळा घोळ झाला.

ऋजुता साताऱ्यातल्या दोरीच्या मल्लखांब संघाची कप्तान. उर्मी शिर्के तिची जिवाभावाची मैत्रीण आणि दोरीवर सगळ्यांत तरबेज. राज्य स्पर्धेच्या तोंडावर उर्मी सरावात गादीवर आपटली. लागलं काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी उठताना कूस बदलली आणि तिला वाटलं, पलंगच उलटतोय! दोरीवर निद्रासनात (हवेत आडवं होऊन झोपल्यासारखं राहायचं आसन) मान वळवली, की ती डोळे गच्च मिटून सरसर खाली यायची. लहान वयोगटात खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

"चल माझ्याकडं, मी करते बरी," ऋजुता म्हणाली.

हे ती कशाच्या जोरावर म्हणाली? तर तिचे आजोबा, प्रभाकर केंजळे, फिजिओथेरपिस्ट (व्यायामानं आणि हालचालींनी उपचार करणारे) होते. चक्कर या एका विषयात त्यांनी उभी हयात घालवलेली. घराच्या पुढच्या खोलीतल्या दवाखान्यात त्यांनी बनवलेला एक रोबोही होता, भिंगरी नावाचा. भिंगरी आपल्या मऊ हातांनी रुग्णाचं डोकं अलगद वळवायची आणि खास चष्म्यातून त्याचे डोळे मोठ्या पडद्यावर दाखवायची. आजोबा महिनाभर नागपूरला शिकवायला गेले होते. जाताना बजावून गेले होते, "मी नसताना भिंगरीला हात लावायचा नाही." पण ऐकेल ती ऋजुता कसली!

भिंगरीनं उर्मीला आडवं करून डोकं उजवीकडं वळवलं. उर्मी किंचाळलीच. डावीकडं वळवलं, तेव्हा चक्कर जरा कमी आली.

जिकडं चक्कर जास्त, तो कान बिघडलेला, हे ऋजुतानं आजोबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं! तिनं लगेच हुकूम सोडला, "उजवा कान!"

"डोळे कुठल्या बाजूला पळतायत, ते बघितलंस का?" भिंगरीनं विचारलं.

"बघितलं गं. कर तू सुरू."

बघितलं कुठलं! भिंगरीनं बिचारीनं उजव्या कानाचा उपचार केला. चक्कर जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग ऋजुताचं डोकं फिरलं. सरावाच्या मैदानावर, सगळ्या मुलींसमोर ती म्हणाली, "भिंगरीच्या हातून सगळे बरे होतात, तूच तेवढी होत नाहीस? चालताना तर अगदी धडधाकट असतेस! घाबरलीस म्हणून सांग ना सरळ. नाटकं कशाला करतेस?"

उर्मीनं सामान उचललं आणि ती घरी गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली. संघ जाऊन आला, कांस्यपदकही मिळालं. उर्मी मात्र परत मैदानावर फिरकली नाही.

आजोबा नागपूरहून आले आणि उर्मीच्या आईनं त्यांच्या कानावर सगळं घातलं. त्यांनी त्याच संध्याकाळी उर्मीला बोलावलं. आधी मान तपासली, मग चालणं, बोलणं, हातांची पकड. "चक्कर दुसऱ्या आजारांनीही येते. ते नाहीत याची खात्री केल्याशिवाय डोक्याला हात लावायचा नसतो," ते म्हणाले. ऋजुता दाराशी उभी होती. तिनं यातलं काहीच केलं नव्हतं.

"पण आजोबा, उभी असताना मला काहीच कसं होत नाही?" उर्मीनं विचारलं.

"सांगतो. आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका (केसासारख्या बारीक, वाकलेल्या नळ्या) असतात. त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की हा द्रव मागं रेंगाळतो आणि नळीतल्या जेलीसारख्या पडद्याला ढकलतो. त्यावरून मेंदूला कळतं, डोकं फिरतंय. शेजारच्याच पिशवीत चुनखडीचे इवलेसे खडे असतात. आपण कानाला खडा लावतो ना, तो नव्हे हं! तू आपटलीस तेव्हा त्यातले काही सुटून नळीत शिरले. उभी असताना ते गप्प बसतात. आडवी होऊन मान वळवलीस, की ते पडदा हलवतात. मेंदू फसतो, डोळे झटके देत पळायला लागतात. याला म्हणतात नेत्रकंप (डोळ्यांची आपोआप होणारी थरथर)."

"पण मग उजव्या कानाच्या उपचारानं फरक का नाही पडला?" ऋजुतानं दारातूनच विचारलं.

"भिंगरीच्या मोठ्या पडद्याकडं बघ."

उर्मी उजव्या कुशीवर झाली, तेव्हा तिचे डोळे वरच्या, छताकडच्या बाजूला झटके देत होते. डावीकडं झाली, तरी छताकडंच.

"बहुतेकांचे खडे मागच्या नळीत जातात. हिचे आडव्या नळीत गेलेत. तिथं ते सुटे असते, तर डोळे जमिनीकडं पळाले असते आणि जिकडं चक्कर जास्त तोच कान बिघडलेला असता. पण हिचे खडे हट्टी निघाले, पडद्यालाच चिकटून बसलेत. पडदा एका बाजूला ढकलला की मेंदूला मोठी हाक जाते, दुसऱ्या बाजूला ढकलला की बारीक. आजारी कुशीवर झोपलं, की सुटे खडे मोठी हाक देतात आणि चिकटलेले पडद्याला उलटीकडं ओढतात. म्हणजे इथं चक्कर कमी जिकडं..."

"डावा कान," ऋजुता पुटपुटली. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

भिंगरीनं बसलेल्या उर्मीला झटकन डाव्या कुशीवर आडवं केलं, मग तिचं नाक छताकडं वळवून तसंच धरलं. थोड्या वेळानं पुन्हा तपासलं, तर डोळे आता जमिनीकडं पळत होते. "सुटले खडे!" आजोबा खूश झाले. मग उर्मीला उजवीकडून थांबत थांबत पूर्ण लोळवलं, तसे खडे घरंगळत आपल्या पिशवीत परत गेले. शेवटी उर्मीनं या कुशीवरून त्या कुशीवर होऊन बघितलं. डोळे एकदम शांत. ती उठून बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"खडे पुन्हा सुटले तर घाबरायचं नाही, यायचं. पुढच्या वर्षी मोठ्या गटात खेळशील," आजोबा म्हणाले. मग ऋजुताकडं वळले. "कान ओळखताना माझंही चुकलंय गं. पण रुग्ण बरा झाला नाही, की आधी स्वतःला विचारायचं, माझं काय चुकलं? तू उलट तिलाच खोटं ठरवलंस."

ऋजुता उर्मीला सोडायला फाटकापर्यंत गेली. "चुकलं माझं," तिचे डोळे भरून आले. "फार वाईट बोलले मी."

"चक्कर गेली, ऋजू," उर्मी म्हणाली. "तू बोललीस ते नाही गेलं अजून."

ऋजुतानं फाटकाची कडी काढली.

"उद्या येशील सरावाला?" ऋजुतानं भीत भीत विचारलं.

उर्मी फाटकाबाहेर गेली आणि मागं वळली. "येईन. पण उद्या तू येऊ नकोस. मला एकटीला चढून बघू दे." मग फाटक लावून घेत ती म्हणाली, "तू परवा ये."