सोबत-मात्रा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दवाखान्यातली नर्स शहनाज मुल्ला मालनकाकी खोत यांच्याकडे यायची आणि त्यांच्या खांद्यातल्या डबीत औषध भरून द्यायची. डबी भुईमुगाच्या शेंगेएवढी, कातडीच्या आत बसवलेली. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावात अशा डब्या आता सात जणांकडे होत्या, त्यामुळे कुणाला त्यांचं अप्रूप राहिलं नव्हतं. सुई टोचण्याआधी चहा व्हायचा, टोचल्यावर गावच्या बातम्या.

दोन वर्षांपूर्वी काकींच्या मेंदूच्या तळाशी गाठ निघाली आणि तिच्याबरोबर वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथीही काढावी लागली. ग्रंथी एवढीशी, पण साऱ्या शरीराची कारभारीण. तिनं संप्रेरकं, म्हणजे रक्तातून जाणारे निरोप, धाडली की थायरॉइड कामाला लागते, मूत्रपिंडं पाणी राखतात आणि त्यांच्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी सकाळी कॉर्टिसॉल सोडून माणसाला अंथरुणातून उठवतात. ती गेली आणि काकींच्या शरीराला कुणी वालीच उरला नाही. उठावं, हेसुद्धा त्याला सुचेना. मग डबी आली. ती दर मिनिटाला रक्त तपासायची, लागेल ते लागेल तेवढं सोडायची आणि त्याचा आलेख रॉटरडॅमला त्यांच्या मुलाच्या, संग्रामच्या फोनवर पाठवायची.

डबीच्या एका कप्प्यात ऑक्सिटोसिन होतं. लेकराला पाजताना किंवा आपलं माणूस जवळ बसलं की शरीरात आपोआप पाझरणारं संप्रेरक. 'रुग्ण एकटी राहते का?' या रकान्यात संग्रामनं 'हो' लिहिलं होतं, म्हणून रोज संध्याकाळी सहाला ते सुटे. दवाखान्यात त्याला सोबत-मात्रा म्हणत.

त्या मंगळवारी औषध भरता भरता शहनाजनं सहज विचारलं, संग्रामदादा काय म्हणतात? बरा आहे, असं काकींनी सांगितलं, पण शेवटचं बोलणं कधी झालं ते त्यांना आठवेना. फोन काढून बघितला तर शेवटचा कॉल बाहत्तर दिवसांपूर्वीचा. आधी तो रोज फोन करायचा, मग रविवारचा करू लागला, मग तोही राहू लागला. आलेखाची रेघ हिरवी, आई ठणठणीत, मग विचारायचं तरी काय? त्याचंही बरोबरच होतं.

काकींच्या पोटात तुटायला हवं होतं. तसं काहीच झालं नाही, आणि त्या घाबरल्या त्या यालाच.

"बाहत्तर दिस, शहनाज," त्या म्हणाल्या. "आन् मला पत्ता न्हाई."

त्रास झाला नाही ते बरंच की, अशी शहनाजनं समजूत घातली. काकींना ते पटलं नाही. जन्मभर म्हशी राखलेल्या बाईला ही युक्ती ओळखायला कितीसा वेळ लागणार? रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करायची पूर्वी पद्धत होती. म्हैस ते चाटायची आणि दूध द्यायची. काकींनी स्वतः एकदा असं रेडकू उभं केलं होतं. रात्रंदिवस ओरडणारी म्हैस तिसऱ्या दिवशी गप्प झाली आणि घरच्यांनी काकींच्या हुशारीचं कौतुक केलं होतं.

तेवढा एक कप्पा बंद कर, असं त्यांनी शहनाजला सांगितलं. बाकीचे बंद करता आलेच नसते, त्यांच्यावर जीव तगलेला होता. हा करता येत होता, पण शहनाजनं आधी बजावलं.

"काकी, दुखंल बघा. दोन वर्षांचं साचलंय."

काकींनी संमतीसाठी तिच्या हातातल्या यंत्रावर अंगठा टेकवला.

मंगळवारची संध्याकाळ जुन्या मात्रेवर निभली; बुधवारीही सहा वाजून गेले तरी काही झालं नाही. नंतर त्या भाकरी थापायला बसल्या. दोन वर्षं त्या एकच भाकरी थापत होत्या, पण आज परातीतलं तेवढंसं पीठ बघून त्यांना रडू फुटलं. नवऱ्याचं वारणं, संग्रामचं परदेशी जाणं, सगळं एकदमच अंगावर आलं. त्यांना इतकं एकटं वाटलं की कुणाला हाक मारावी तेही कळेना.

सात वाजता संग्रामचाच फोन आला. रडण्याच्या ताणानं डबीनं जास्त सोडलेल्या कॉर्टिसॉलची रेघ लाल झाली होती. डबी बिघडलेली दिसते, मी तक्रार नोंदवतो, उद्या माणूस येईल, असं तो भराभर सांगू लागला.

"डबी बरी हाय," काकी म्हणाल्या. "मला तुजी आठवण येतीया."

मग त्यांनी त्याला कप्प्याचं सांगितलं, म्हशीचंही सांगितलं.

"आई, मलापण आहे ती डबी, नुसत्या सोबत-मात्रेची," तो म्हणाला. "बाहेरून आलेल्या सगळ्यांना कंपनी बसवून देते. मला वाटायचं, मी कामात आहे म्हणून फोन राहतोय."

पोरगा आपल्याला विसरला, असं काकींनी तासाभरापूर्वीच मनाशी धरलं होतं. आता त्यांना त्याची दया आली. एक दिवस तुझीही बंद ठेवून बघशील का, असं त्यांनी विचारलं.

"लई दुखतं का गं?"

"लई," काकी म्हणाल्या.

त्याच्याकडं दुपारचे अडीच वाजले होते आणि त्याची मात्रा तिथल्या सहाला होती. त्यानं फोन ठेवला नव्हता. काकी कान देऊन बसल्या. पोरानं आपल्यासाठी झुरावं असं त्यांना मनापासून वाटत होतं; पण एकट्या पोराकडं परमुलखात हे दुखणं मागायचा आईला तरी हक्क असतो का?