हललेले सात डबे

फोन वाजला तेव्हा राजश्रीबाईंना आधी वाटलं, शेजारच्या घरातला असेल. नऊ दिवसांत त्यांना कोणी फोन केला नव्हता.

"मावशी, अंबरीश बोलतोय. देवपुजारींचा. सातवा डबा गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे सापडला. पण भलत्याच रॅकवर. तुम्ही येता का? आत्ताच?"

राजश्री खांडवे खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं स्टोअरमध्ये होत्या. कागदावर लिहिलेला माल जागेवर आहे की नाही, हे तपासायचं त्यांचं काम. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. रांझीत दोन खोल्या घेऊन त्या एकट्या राहत. अंबरीशची आई त्यांची मैत्रीण होती. ती गेल्यापासून देवपुजारींच्या घरी जाणंही सुटलं होतं.

पंधरा मिनिटांत त्या ऑटोत बसल्या.

दमोह नाक्याजवळचं देवपुजारींचं दुकान ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. पुढे काउंटर, बाजूला काचेची केबिन, मागे गोदाम. अकरा हजार तऱ्हेचे पार्ट. वर्षापूर्वी अंबरीशने सगळा कारभार कंप्युटरवर घेतला होता. प्रत्येक पार्टला नंबर, प्रत्येक फळीला नंबर. नंबर टाकला की स्क्रीन सांगतो, डबा कुठल्या रॅकच्या कुठल्या फळीवर आहे.

"चोरी झाली का काही?" राजश्रीबाईंनी विचारलं.

"एक वायसरसुद्धा नाही. डबे फक्त जागा बदलतात. स्क्रीन म्हणतो चौदा नंबरच्या रॅकवर, आणि डबा निघतो बावीसवर."

"मग सापडतो कसा?"

"तासभर शोधाशोध. मग बाबांना विचारायचं. त्यांना सगळा माल पाठ आहे, तेच काहीतरी सुचवतात." अंबरीशने आवाज खाली आणला. "सोमवारी ट्रॅक्टर कंपनीची माणसं येतायत. ही सिस्टिम त्यांना पटली, तर कटनी आणि मंडल्याच्या डीलरांकडेही हीच बसवतील. त्यांच्यासमोर डबा सापडला नाही तर?"

"संशय कोणावर आहे?"

"अमितावर. कंप्युटरवर फळ्यांचे नंबर तीच भरते. संध्याकाळी तिला येऊ नको म्हणून सांगणार आहे."

"कॅमेरे?"

"बाहेरच्या दारांवर आहेत. गोदामात बाहेरचं कोणी गेलेलं नाही. म्हणजे घरातलंच कोणीतरी."

काचेच्या केबिनमध्ये अंबरीशचे वडील, भय्यासाहेब देवपुजारी बसले होते. वय एकोणऐंशी. खुर्चीला काठी टेकवलेली. समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या. राजश्रीबाईंना पाहून त्यांनी मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.

अमिता सिहोऱ्याहून रोज बसने येई. वय पस्तीसच्या आसपास. नवऱ्यापासून वेगळी, घरी म्हातारी आई. डोळे सुजलेले होते. संध्याकाळी काय होणार, हे तिला कळलं होतं.

"मराठी चालेल ना?" राजश्रीबाईंनी विचारलं.

"समजते सगळं. बोलायला कमी जमते, दीदी."

"इथे किती दिवस झाले?"

"ग्यारा महिने. सिस्टिम लागल्यावर आली मी."

"हललेल्या डब्यांची यादी आहे?"

अमिताने वही पुढे केली. सात नोंदी. पार्टचं नाव, मूळ रॅक आणि फळी, सापडलेली रॅक आणि फळी. अक्षर शाळेतल्या बाईंसारखं नेटकं.

"ही वही साहेबांनी ठेवायला सांगितली?"

"नाही. मीच लिहिली. मुझे भी तो जानना है, कौन कर रहा है."

राजश्रीबाईंनी यादी दोनदा वाचली. सातही पार्ट जुन्या ट्रॅक्टरचे, दोन-तीन महिन्यांतून एखाद्या वेळी लागणारे. मूळ फळी तिसरी किंवा चौथी. सापडलेली फळीही तिसरी किंवा चौथी.

"सगळ्यात जास्त काय खपतं?"

"फिल्टर आणि फॅनबेल्ट. दिवसातून बीस बार."

"ते कधी हलले?"

"कभी नहीं."

भाऊराव गोदामात होता. तेहतीस वर्षांची नोकरी. पूर्वी गोदामात तिघं होते. कंप्युटर आल्यावर तो एकटा उरला होता. राजश्रीबाई आत गेल्या तेव्हा तो रॅकच्या कडेला पाय देत सातव्या फळीवर पोचला होता. शिडी भिंतीला तशीच उभी होती.

"खाली या, भाऊराव. सातवा डबा कुठे सापडला?"

त्याने दाखवला. बावीस नंबर, चौथी फळी.

"कंप्युटर यायच्या आधी इथे काय असायचं?"

"काहून विचारता बाई?"

"सांगा तर."

भाऊरावने फळीवरून हात फिरवला. "हेच असायचं. पंपाचे ऑइल सील. तेव्हा नंबर नव्हते ना. भय्यासाहेबांनी ट्रॅक्टरच्या दुखण्याप्रमाणे लावलं होतं. तेल गळते, त्याचा माल या रांगेत. आवाज येते, त्याचा पलीकडे."

"आणि बाकीचे सहा?"

दोघांनी यादी घेऊन गोदाम पालथं घातलं. सातही डबे जिथे सापडले होते, तिथेच पूर्वी त्यांची जागा होती.

"म्हणजे तुम्ही म्हणाल, मीच ठेवले," भाऊराव हळूच म्हणाला. "जुनी जागा मलाच माहीत."

"दुपारी जेवता कुठे?"

"मागच्या ओट्यावर. दोन ते अडीच. अमिता बाईपण तिथंच असते. अंबरीश भैया घरी जातात."

"आणि भय्यासाहेब?"

"ते केबिनमध्येच. डबा येते त्यांचा घरून. एकटेच जेवतात."

परत येऊन राजश्रीबाईंनी अंबरीशला एकच प्रश्न विचारला. "ही सिस्टिम का हवी, हे कंपनीला लिहून दिलं असशील. तो कागद दाखव."

त्याने फाईल काढली. हिंदीत टाइप केलेली चार पानं. तिसऱ्या पानावर होतं: एक पार्ट शोधायला लागणारा वेळ, पूर्वी सरासरी अकरा मिनिटं, आता चाळीस सेकंद. पूर्वीच्या विलंबाचं कारण, सर्व माहिती एकाच वृद्ध व्यक्तीकडे असणं.

"हे आणखी कोणी वाचलं?"

"दिवाळीला बाबांना एक प्रत दिली होती. म्हटलं, त्यांना बरं वाटेल."

"आणि पहिला डबा कधी हलला?"

अंबरीशने अमिताच्या वहीतली पहिली तारीख पाहिली. दिवाळीनंतरचा आठवा दिवस. त्याने वही मिटली.

"चल केबिनमध्ये," राजश्रीबाई म्हणाल्या. "अमितालाही बोलव. आळ तिच्यावर आहे, तेव्हा तिने ऐकायला हवं."

चौघं जमल्यावर केबिन एकदम भरून गेली. भय्यासाहेबांनी एकेकाकडे पाहिलं.

"सुरुवातीला मलाही वाटलं, कोणालातरी ही सिस्टिम बंद पाडायची आहे," राजश्रीबाई म्हणाल्या. "पण पाडायचीच असती, तर त्याने फिल्टर हलवले असते. एका दिवसात दुकान ठप्प झालं असतं. याने दुकानाचं नुकसान होऊ नये म्हणून जपून डबे निवडले. क्वचित लागणारे. म्हणजे माणूस दुकानावर जीव असलेला."

अंबरीश खाली पाहत होता.

"डबे गेले ते जुन्या जागी. अमिता आली तेव्हा जुनी मांडणी मोडलेली होती. तिला ती माहीत असायचं कारण नाही. राहिला भाऊराव. पण तो शिडीशिवाय सातव्या फळीवर चढतो. त्याने सात डबे हलवले असते, तर एखादा तरी वरचा किंवा अगदी खालचा असता. इथे सगळे तिसऱ्या-चौथ्या फळीवरचे, कमरेच्या उंचीचे. ज्याला चढता येत नाही आणि वाकताही येत नाही, त्याचं हे काम. दुपारी दोन ते अडीच दुकानात असा एकच माणूस असतो."

बाहेर काउंटरवर गिऱ्हाईक फॅनबेल्ट मागत होतं आणि भाऊराव देत होता.

"डबा हरवला की काय व्हायचं?" राजश्रीबाईंचा आवाज मऊ झाला. "तासाभराने कोणीतरी या केबिनमध्ये यायचं आणि तुम्हाला विचारायचं. एवढंच हवं होतं ना, भय्यासाहेब?"

भय्यासाहेबांनी नाकारलं नाही.

"अकरा मिनिटं," ते अंबरीशला म्हणाले. "तू घड्याळ लावून मोजले असशील, बरोबरच असतील. कुंडमचा माणूस त्या अकरा मिनिटांत पोरीच्या लग्नाचं सांगायचा. त्याच्या इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा, मग मी पार्ट सांगायचो. तुझी आई गेली तेव्हाही माणसं इथं येऊन बसली, पार्टच्या निमित्तानं. आता चाळीस सेकंदात जातात. काचेतून हात करतात. मी दिवसभर बसून राहिलो आहे, बस."

"बाबा, मला सांगायचं ना."

"काय सांगू? तुझं चुकलेलं काहीच नाही." त्यांनी अमिताकडे पाहिलं. चेहरा पहिल्यांदाच पडला. "हिच्यावर येईल हे ध्यानात नाही आलं. बेटी, हे माझं करणं आहे. मी म्हातारा होऊन लबाडी केली. माफ कर."

अमिताने पदराने डोळे टिपले. अंबरीश तिला म्हणाला, "सॉरी, अमिता. माझं चुकलं. तू कुठेही जायचं नाही."

मग वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, उद्यापासून तुम्ही रोज काउंटरवर बसा."

"नको. काम नसताना बसवलेला माणूस गिऱ्हाइकाला लगेच कळते."

अमिता मध्येच म्हणाली, "साहेब, स्क्रीनवर एक खाना, रकाना, खाली आहे. चौदाशे पार्टचा. कौनसे ट्रॅक्टर में लगता है, क्या तकलीफ हो तो लगता है. किताब में नाही मिळत. मी कोणाला विचारू, समजत नव्हतं."

भय्यासाहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ती दया करतेय का, हे शोधत असावेत. तिने वहीत उतरवून घेतलेल्या यादीतले रिकामे रकाने दाखवले. खरंच रिकामे होते.

"आणि सगळं सांगून झालं की?" त्यांनी विचारलं. "ते मशीनला समजेल. मग?"

राजश्रीबाईंनी अंबरीशकडे पाहिलं. अंबरीशने अमिताकडे.

"दिवसाला दहा होतील," अमिता म्हणाली. "पाच-सहा महिने तर जातील."

"पाच-सहा महिने," भय्यासाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, समोरची खुर्ची काठीने थोडी ओढून घेतली. "बस मग. पहिला कोणता आहे?"

तिने नंबर वाचला. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले.

राजश्रीबाईंनी पर्स उचलली. केबिनचं दार लोटून त्या बाहेर आल्या, काउंटरला वळसा घालून रस्त्यावर उतरल्या. त्या गेल्याचं आत कोणाच्या लक्षात आलं नाही.