अडतीस नंबरचे गमबूट

खुरपं तिने रागाने भिरकावलं आणि ते जाऊन पडलं शेजारच्या कोबीत. इथपर्यंत ठीक होतं. पण त्या कोबीमागून एक माणूस उठून उभा राहिला, तेव्हा मात्र ती दचकून दोन पावलं मागे सरली.

त्याच्या एका हातात तिचं खुरपं होतं, दुसऱ्या हातात कोबीचं फाटलेलं पान.

"हे तुमचं का?" त्याने शांतपणे विचारलं.

"पान की खुरपं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"खुरपं. पान माझं होतं."

चपलांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला माणसाच्या चेहऱ्याआधी पाय बघायची सवय असते. तिने पाहिले. त्रेचाळीस नंबर, उजवा पाय जरा रुंद. मग नजर वर गेली. चेहरा बरा होता. बरा म्हणजे... आता खोटं कशाला बोला, चांगलाच होता. पण त्या घडीला तिला चेहऱ्यापेक्षा जास्त खुपला तो त्याचा प्लॉट. कोबीच्या सरळ रांगा, त्यापलीकडे टोमॅटोला बांधलेल्या काठ्या, वाफ्यांत गवताची एक काडी नाही. आणि इकडे ती उभी होती गुडघाभर तणात. देव देतो तेव्हा एकालाच सगळं देतो, असं तिला वाटलं आणि तिने खुरपं जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

पाण्याच्या टाकीमागे असे चोवीस प्लॉट होते. ज्यांना अंगण नाही अशांना भाज्या लावायला मिळायचे. सात नंबरचा तिच्या बाबांचा. बाबांनी त्याच चपलांच्या दुकानात चौतीस वर्षं लोकांच्या पायांशी बसून काढली आणि त्यात गुडघे गेले. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि दीड वर्षात प्लॉटकडे कोणी फिरकलं नाही. बाबा रोज विचारायचे, काय गं, गाजरं आली का? ती म्हणायची, येतायत. येत होता तो फक्त लव्हाळा, आणि जिथे लव्हाळा नव्हता तिथे हरळी. मग सेक्रेटरीबाईंची चिठ्ठी आली. सहा आठवड्यांनी रविवारी पाहणी आहे, निम्मा तरी प्लॉट साफ नसेल तर तो प्रतीक्षा यादीतल्या माणसाला देण्यात येईल. ही चिठ्ठी तिने बाबांना दाखवली नव्हती. गुडघा धड झाला की पहिल्यांदा प्लॉटवर जायचं, या एका आशेवर तो माणूस रोज दाराच्या चौकटीला धरून व्यायाम करत होता.

हे सगळं तिने त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. पण सांगितलं. उपड्या बादलीवर बसून, नाक पुसत पुसत सांगितलं. त्याने मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "सगळ्या प्लॉटकडे बघूच नका. जमिनीवर एक चादर अंथरली तर मावेल, तेवढीच जागा एका दिवसाची. बाकीचं झाकून टाका."

"कशाने?"

"पुठ्ठ्याने. अंधारात तण मरतं. आणि मरायच्या आधीसुद्धा आपल्याला दिसत नाही, हा मोठा फायदा."

पुठ्ठ्याला काय तोटा! दुकानात रोज दहा खोकी रिकामी व्हायची. दुसऱ्या दिवशी ती सायकलला खोकी बांधून आली आणि सात नंबरवर सगळीकडे चपलांची चित्रं पसरली.

तो कवळ्या बनवायचा. दवाखान्यातून मापं यायची, हा एका खोलीत बसून एकेक दात रांगेत लावायचा. तरीच कोबी असा! ती म्हणाली, "तुमचे स्वतःचे तरी खरे आहेत ना?"

"ओढून बघा," तो म्हणाला आणि हसला. दात खरेच होते. त्या हसण्याने तिचा लव्हाळा उपटायचा राहिला आणि वरचं नुसतं पातं तुटून हातात आलं.

त्याने लगेच टोकलं. पातं नको, खालची गाठ काढा, गाठ राहिली की तीन दिवसांत हा पुन्हा हजर. आणि हजर होतच होता. सोमवारी स्वच्छ केलेल्या जागेत गुरुवारी हिरवी टोकं, जणू तिला खिजवायला. मग ती चिडायची, रडकुंडीला यायची, तो आपल्या वाफ्यातून नुसतं म्हणायचा, "एक चादर," आणि ती पुन्हा खाली बसायची. संध्याकाळी भुरभुर पाऊस आला तर टाकीच्या आडोशाला दोघं उभी राहायची. मध्ये हातभर अंतर... ते कोणी मोजत नव्हतं, पण दोघांनाही नेमकं माहीत होतं. त्याची हिरवी झारी आता अर्धा वेळ तिच्याकडेच असायची. चौथ्या आठवड्यापर्यंत प्लॉटचा तिसरा हिस्सा मोकळा झाला, गाजराचं बी पडलं, आणि दुकानात ती विनाकारण गुणगुणायला लागली.

आणि मग त्या शनिवारी, त्याच्या कोबीत एक मुलगी उभी.

उंच, सडसडीत, गळ्यात शिट्टी. लहान मुलांना पोहायला शिकवणारी असावी, शिट्टीवर तलावाचं नाव होतं. पायात पांढरे कापडी बूट, नंबर एकोणचाळीस. आणि हातात ती हिरवी झारी! तो तिला काहीतरी समजावत होता आणि ती मान मागे टाकून हसत होती. एवढं हसण्यासारखं कोबीत काय असतं? बरं, तेही सोडा. त्याच्या प्लॉटच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नवी कोरी दोरी बांधलेली होती. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

म्हणजे गोष्ट इथवर गेली तर! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तो लगबगीने तिच्याकडे आला, ओळख करून देतो म्हणाला. तिने डोकं दुखतंय असं सांगितलं आणि आल्या पावली सायकल वळवली.

मग ती गेलीच नाही. एक शनिवार गेला, एकेक संध्याकाळ करत पुढचा आठवडाही सरत आला. घरी ती स्वतःलाच बजावत राहिली, तो आपला कोण लागतो? कोणी नाही. कोबी त्याचा, झारी त्याची, त्याने कोणाला द्यावी हा त्याचा प्रश्न. मग आपल्या पोटात का दुखावं? पण दुखत होतं. भांडी घासताना दुखत होतं, जिना चढताना दुखत होतं. त्या उंच मुलीची मान, तिची ती शिट्टी, तिचं ते हसणं, एकेक आठवून आठवून ती जळत होती. आणि तिकडे सात नंबरवर, पाहणीला तीन दिवस उरलेले असताना, लव्हाळा आरामात पुठ्ठ्याच्या फटींतून डोकं वर काढत होता. काढू दे, ती म्हणाली. कोणासाठी उपटायचा?

त्या गुरुवारी दुकानाचं दार उघडलं आणि आत आली ती उंच मुलगी.

गमबूट हवे होते. "त्यानेच सांगितलं इथे यायला," ती खुर्चीवर बसत म्हणाली. "म्हणाला, तिथे एक मुलगी आहे, नुसतं बघून नंबर सांगते."

त्याने सांगितलं! म्हणजे आता हिच्या पायात बूटही आपणच चढवायचे. ती खाली बसली, त्या पायाशी, बाबा चौतीस वर्षं बसले तशी. एकोणचाळीसचा जोड मागच्या फळीवर होता. तिने अडतीसचा काढला.

"जरा घट्ट वाटतायत," मुलगी म्हणाली.

"नवे असताना वाटतातच. वापरून सैल होतील."

आता चामडं सैल होतं, कापड सैल होतं. रबर कधीही सैल होत नाही. हे चपलांच्या दुकानात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मुलीने विश्वास ठेवला, आभार मानले आणि बूट घालूनच बाहेर पडली. तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघताना हिला क्षणभर इतकं बरं वाटलं की काही विचारू नका.

ते बरं वाटणं रात्रीच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही. शुक्रवारी गिऱ्हाइकांच्या टाचा बघवेनात. शनिवारी संध्याकाळी बाबा चौकटीला धरून गुडघा वाकवत होते, आणि ती समोर बसून एकदम रडायलाच लागली. मग सगळंच बाहेर आलं. गाजरांचं खोटं, चिठ्ठी, पुठ्ठे, उंच मुलगी आणि शेवटी गमबूट.

बाबा प्लॉटवरून रागावले नाहीत. ते खुर्चीवर बसले, काठी आडवी ठेवली आणि म्हणाले, "प्लॉट गेला तर जाऊ दे. पण पोरी, पायाशी खोटं बोललीस? उद्या सकाळी आधी तिचे बूट बदलून दे."

"आणि तो कवळीवाला?"

"त्याचं मला काय विचारतेस?" बाबा म्हणाले. "पण दुसरं कोणी असतं तर तू अडतीस नंबर दिला नसतास, एवढं मला कळतं."

रविवारी ती एकोणचाळीसचं खोकं घेऊन टाकीमागे पोचली. उंच मुलगी दोरीच्या अलीकडे माती उकरत होती, आणि लंगडत होती. तो पलीकडे पाठमोरा टोमॅटो बांधत होता. हिला पाहून त्याचा हात थांबला. हिने त्याच्याकडे बघितलं नाही. सरळ जाऊन त्या मुलीसमोर खोकं उघडलं.

"तुमचे बूट एक नंबर लहान आहेत," ती म्हणाली. "मला देतानाच माहीत होतं. मी मुद्दाम दिले. चुकलं माझं."

मुलगी माती उकरायची थांबली. "मुद्दाम? का गं?"

काय सांगणार? नजर तेवढी एकदाच, नको तिथे, टोमॅटोकडे गेली आणि परत आली. पण मुलांवर नजर ठेवायची सवय असलेल्या त्या मुलीने ती बरोबर पकडली. तिने हिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चिखलात बसकण मारून पोट धरधरून हसायला लागली.

तेवढ्यात सेक्रेटरीबाई आल्या, वही आणि पेन्सिल घेऊन. सात नंबरसमोर उभ्या राहिल्या, पुठ्ठ्यांवरची चपलांची चित्रं न्याहाळली, फटींतला लव्हाळा बघितला. निम्मा नाही हा, तिसरा हिस्सासुद्धा जेमतेम, असं त्या म्हणाल्या. हिने मान खाली घातली.

"पण आता घेऊन देऊ कोणाला?" बाई वही चाळत पुटपुटल्या. "यादीत एकच नाव होतं. त्या आल्या की शेजारच्या आठ नंबरच्या अर्ध्यात. यादी संपली. राहू दे हा तुमच्याकडे, पुढच्या पाहणीला मात्र असं चालणार नाही."

बाई पुढे गेल्या. हिला समजायला दोन श्वास लागले.

"यादीतली ती मी," उंच मुलगी मातीत बसूनच बूट ओढून काढत म्हणाली. "तुझा सात नंबर मला मिळायचा होता. हा माझ्याकडे तलावावर आला आणि म्हणाला, ताई, माझा अर्धा घ्या, पण सात मागू नका. दर शनिवारी मी कोबीचं विचारते आणि हा मला सात नंबरचं सांगतो. माझे कान किटले. आता तुमचं तुम्ही बघा."

नवे बूट घालून ती नळाकडे निघून गेली, जराही न लंगडता.

तो दोरीपाशी आला होता. इतकी सरळ रांग लावणारा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

"अर्धा प्लॉट देऊन टाकलात?" ती म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. तुमचं डोकं दुखत होतं."

"त्याआधी?"

"त्याआधी सांगितलं असतं तर तुम्ही खुरपं खाली ठेवलं असतंत. उपकार नको म्हणाला असतात. आणि उपकार नव्हतेच ते. सात नंबर गेला असता, तर शनिवारी मी कोणाची वाट बघत बसलो असतो...?"

पुन्हा भुरभुर सुरू झाली. आडोशाला कोणीच गेलं नाही.

"मी जळत होते," ती म्हणाली. "पंधरा दिवस. तिच्यावर, तिच्या हसण्यावर, त्या झारीवरसुद्धा. सांगायची लाज वाटते, पण जळत होते."

"माझ्यासाठी?"

"कोबीसाठी," ती म्हणाली, आणि मग तिलाच ते टिकवता आलं नाही. "तुझ्यासाठीच. आणखी कोणासाठी?"

तो हसला. ते सगळे खरे दात तिने पंधरा दिवसांनी पाहिले. मग त्याने वाकून चिखलातला अडतीस नंबरचा जोड उचलला आणि याचं आता काय करायचं म्हणून विचारलं. वापरलेले बूट दुकानात परत घेत नाहीत, तिने सांगितलं. उपडी बादली ओढून ती बसली. तो तिच्या पायाशी बसला. आजवर तिच्या पायाशी कोणी बसलं नव्हतं. त्याने बूट पुसला, पुढे धरला, आणि तिने पाय घातला.

"घट्ट नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझा नंबर अडतीसच आहे."

मग त्याने दुसरा बूट धरला, आणि पुढच्या शनिवारी बाबांना आणूया, खुर्ची मी घेऊन येतो, असं म्हणाला.