सदतीसचा घोळ

पायरी एक : तक्रार नीट ऐकून घ्या

खरं तर तो फोन तिचा नव्हताच. शेजारच्या टेबलावरचा सहकारी जेवायला गेला होता, फोन वाजून वाजून दमला होता, आणि तिला दमलेला आवाज ऐकवत नसे. तिने उचलला.

"मुख्यालय? वरच्या वळणावरच्या नदीकेंद्रावरून बोलतोय. तुमचं कपाट माझा फोन घेतं, पण पुढे बोलतच नाही."

"बोलत नाही म्हणजे?"

"म्हणजे रुसल्यासारखं. मी आकडे पाठवतो, उत्तर येत नाही. तुमच्याकडे असं कुणी रुसतं का हो?"

तिला हसू आलं. ते तिने गिळलं.

नदीच्या काठाने अशी अठरा केंद्रं होती. प्रत्येक केंद्रात पाणी मोजणारा एक माणूस, एक संगणक, एक मोडेम आणि टेलिफोनची एकच लाइन. दर तासाच्या ठोक्याला त्या माणसाने मुख्यालयाला डायल करायचं, पाण्याची पातळी पाठवायची आणि लाइन सोडायची. मुख्यालयात सोळा मोडेमांचं एक कपाट हे आकडे झेलायचं. खालच्या वस्त्यांना पुराचा इशारा द्यायचा की नाही, ते त्या आकड्यांवर ठरायचं. आणि कपाट होतं तिच्या ताब्यात. ऑफिसात तिला काटेकोरबाई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडायचं.

"तुमचा आयपी पत्ता वाचून दाखवा. शेवटचा आकडा फक्त."

"सदतीस."

तिने वही उघडली. वरचं वळण — सदतीस. बरोबर होतं.

"आता मोडेम बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. मग फोन ठेवून डायल करा. तुमची लाइन एकच आहे, त्यामुळे काय झालं ते नंतर फोन करून सांगा."

"चाललं तरी फोन करू?"

"अर्थात."

"आणि नाही चाललं तरी?"

"तरीही."

"हे बरं आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

—

—

सहा मिनिटं. कपाटावरचा नववा दिवा लागला, लुकलुकला, विझला. मग फोन.

"चाललं! मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे."

हात तर तुमचाच होता, असं ती म्हणणार होती. पण तोवर सहकारी ढेकर देत परत आला.

पायरी दोन : एका वेळी एकच गोष्ट बदला

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तासाच्या ठोक्याला त्याचे आकडे अडकत, तो फोन करे, ती एखादी गोष्ट बदलायला सांगे — केबल, वेग, पासवर्ड — आणि मग सगळं सुरळीत चाले. दर वेळी औषध निराळं, आणि दर वेळी ते लागू पडायचं. नव्या माणसाला यातच आनंद झाला असता. तिला मात्र खटकत होतं. सगळ्याच औषधांनी बरा होणारा आजार तिने पाहिला नव्हता.

"तुमच्या मागे कसला आवाज आहे हो?" तिने एकदा विचारलं.

"नदी."

"एवढी?"

"आज जरा तोऱ्यात आहे. चार बोटं वाढलीय. आणि तुमच्या मागे?"

"कपाटाचा पंखा."

"अरेरे."

"अरेरे काय त्यात?"

"काही नाही. नदीचा आवाज तुम्हाला पुरेल का, बघत होतो. रिसीव्हर खिडकीबाहेर धरू?"

आणि त्याने खरंच धरला असावा. कारण अर्धा मिनिट तिच्या कानात नुसतं पाणी होतं... रुंद, सावकाश, दगडांवरून उतरणारं. समोर साहेब येऊन उभे राहिले, तरी तिला कळलं नाही.

"अगं, कुणाचा फोन?"

"सदतीस, साहेब."

घरी ताईने पण तेच विचारलं. जेवताना ही स्वतःशीच हसली, आणि ताईच्या नजरेतून कधी काही सुटलंय?

"कोण गं?"

"कुठे कोण? एक केंद्र बिघडलंय."

"केंद्र बिघडलंय की तू?"

"ताई!"

"दिसतो कसा?"

घास हातातच राहिला. "माहीत नाही," ती म्हणाली. आवाजाच्या आधी एक छोटासा श्वास घेतो, एवढंच माहीत होतं. आणि फोन ठेवताना कधी आपटत नाही.

पुन्हा पायरी दोन

कारण पुढे सरकताच येईना. महिना होत आला. कपाट रोज संध्याकाळी एक तक्ता छापायचं. वेळेवर आलेले आकडे काळे, उशिरा आलेले लाल. वरच्या वळणाची ओळ लालेलाल झाली होती.

साहेबांनी तक्ता तिच्या टेबलावर ठेवला. "या माणसाला यंत्र जमत नाही. केंद्र बंद करू, त्याला गोदामात टाकू. तपासणीचा अहवाल तुझा आहे. शुक्रवारपर्यंत सही करून दे."

"साहेब, दोष सापडलेला नाही अजून."

"तुझी वही बरोबर आहे?"

"हो."

"कपाट बरोबर आहे?"

"हो."

"मग उरलं कोण?"

उरला तो. हिशेब सरळ होता. काटेकोरबाईंना तो मान्य करावा लागला. तिने अहवाल लिहिला : 'दोष केंद्रावरील हाताळणीचा.' सहीची जागा तेवढी कोरी ठेवली. त्या दिवशी त्याचा फोन आला, तेव्हा ती कोरडं बोलली. तो म्हणाला, "आज तुमचा पंखा बंद आहे का?"

पंखा चालूच होता.

पायरी तीन : शेजारी विचारा

शुक्रवारी सकाळी खालच्या पुलाच्या केंद्रावरून फोन आला. तिथे एक वयस्क बाई पाणी मोजायच्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. महिन्यापूर्वी त्यांचा मोडेम आणि संगणक दोन्ही जळाले होते, आणि तिनेच नवे पाठवले होते.

"पोरी, माझी लाइन फार रेंगाळते बघ. आकडे जायला दहा-दहा मिनिटं लागतात. त्या वरच्या बिचाऱ्याला ताटकळावं लागतं."

"वरच्या? त्याचा काय संबंध?"

"आता घ्या! आमचं ठरलंय ना. आधी माझं जाऊ द्यायचं, मग त्याचं. पुलाखाली वस्ती आहे, तुमचे आकडे आधी गेले पाहिजेत, असं तोच म्हणाला. दोघं एकदम लागलो की त्याचं अडतं. आमचा पत्ता एकच आहे म्हणे."

तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

"मावशी... तुमचा शेवटचा आकडा वाचता?"

"सदतीस. तुझीच चिठ्ठी चिकटवलीय इथे. सुवाच्य आहे हो अक्षर."

वहीत खालचा पूल होता सत्तेचाळीस. वही बरोबरच होती. चिठ्ठी चुकली होती. दोन घरांना एकच पत्ता दिल्यावर कपाट तरी काय करणार? आधी जी लाइन जोडली गेली, तिलाच ते उत्तर देत राहायचं. आणि वरचा माणूस फोनवर तिचे उपाय करत बसायचा, तोवर मावशींचं काम आटपायचं, लाइन मोकळी व्हायची... आणि चालायचं. केबलने नाही, पासवर्डने नाही. नुसतं थांबल्याने.

"मावशी, हे तुमचं कधी ठरलं?"

"झाले की तीन आठवडे."

तीन आठवडे. म्हणजे त्याला माहीत होतं. तिने वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं, तरी ते तसंच राहिलं. माहीत असून तो रोज विचारत होता — आता काय बदलू, मॅडम? कान तापले तिचे. राग आला, आणि त्याहून जास्त लाज. मग पुन्हा राग.

मावशींना तिने फोनवरच सदतीस खोडून सत्तेचाळीस लिहायला लावलं. दोन मिनिटांचं काम. अकराच्या ठोक्याला चौथा दिवा आणि नववा दिवा एकदमच लागले. दोन्हीकडचे आकडे वेळेवर आले.

आता गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. लाल ओळ मात्र लालच राहिली असती, आणि तो गोदामात गेला असता. तिने अहवाल फाडला. नवा लिहिला, चार ओळींचा. 'दोष माझ्या चिठ्ठीचा. वरच्या वळणाच्या मोजणीदाराने खालच्या पुलाचे आकडे आधी जाऊ दिले, म्हणून त्याचे उशिरा आले.' खाली सही.

साहेबांनी दोनदा वाचला. "अगं, तुझ्या हातून?"

"माझ्याच."

"हे फाइलला लागेल. आणि तीन महिने कपाट दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

"हो, साहेब."

किल्ल्या टेबलावर ठेवताना तिला वाटलं होतं त्याहून कमी दुखलं. पण मग लक्षात आलं — आता फोनही दुसराच कुणी उचलणार.

पायरी नाही

शनिवारी ती बसने गेली. बस वळणावर थांबली. पुढे ओल्या गवतातली पायवाट, एक पत्र्याची खोली, खिडकीत टेलिफोन. काठावर एक माणूस पाण्यातल्या खांबावरचे आकडे वाकून वाचत होता. उंच, किंचित पोक काढलेला, एका पायात चप्पल.

"अहवालाची प्रत आणलीय," ती म्हणाली.

तो वळला नाही लगेच. आधी तो छोटासा श्वास. मग वळला.

"पोस्टाने आली असती."

"मला समक्ष भांडायचं होतं."

त्याने प्रत वाचली. वाचताना चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "गोदाम? मला हे माहीत नव्हतं."

"तुम्हाला बरंच माहीत होतं. माझी चूक तीन आठवडे खिशात घालून फिरत होतात. मजा वाटली?"

"नाही हो —"

"मग दया आली? मला सांभाळून घ्यायला मी काय लहान आहे?"

"नाही." तो खाली दगडावर बसला. "सांगायचं रोज ठरवत होतो. पण सांगितलं की तुम्ही दोन मिनिटांत दुरुस्त करणार. तुमची ख्यातीच तशी. आणि मग... पुढच्या ठोक्याला फोन कशाच्या नावाने करायचा?"

नदी चालली होती.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "पाणी चढलं असतं तर आकडे उशिरा जाऊन चालले नसते. नदीच्या जिवावर असलं करायचं नसतं. तुम्ही भांडा. मी ऐकतो."

ती भांडायलाच आली होती. वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती, एकाखाली एक, नीट. त्यातलं एकही आता सापडेना. ती त्याच्या शेजारच्या दगडावर बसली — मध्ये हातभर जागा सोडून.

"ऑफिसात एक नियम आहे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "एकाच केंद्राची तिसरी तक्रार आली की फोनवर बोलत बसायचं नाही. सरळ तंत्रज्ञ पाठवायचा. त्याने तासाभरात दोन्ही केंद्रं तपासली असती आणि चिठ्ठी सापडली असती."

"मग?"

"एकवीस दिवस तुमचे फोन आले. मी एकदाही कुणाला पाठवलं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. "का?"

"तेच..." तिच्या कानांपर्यंत गरम झालं. "तेच अहवालात लिहिलं नाही मी. तेवढं एक वाक्य गाळलं."

"काटेकोरबाईंनी?"

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मावशींनी."

ती हसली, मोकळी, ऑफिसात कधी हसली नव्हती तशी. त्याने मधल्या हातभर जागेत आपला हात ठेवला, तळवा वर करून. काही मागितलं नाही, नुसता ठेवला. आणि तिने फार विचार न करता, कुठेही न लिहिता, आपला हात त्यावर ठेवून दिला.