चौथी टेस्ट ट्यूब

मी बायोलॉजी शिकवते. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणून माझ्यासमोर घडलं तेवढंच लिहितेय, त्यात वाढवलेलं काही नाही.

११ जानेवारी २०२३, बुधवार. दुपारचे तीन. ग्वाल्हेर, थाटीपुरातलं एक खाजगी कॉलेज. बाहेर इतकं धुकं होतं की लॅबमध्ये दिवे लावले होते.

फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल. अगदी सोपं. चुन्याच्या निवळीत स्ट्रॉने फुंकायचं. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते.

तीन टेस्ट ट्यूबमध्ये मुलांनी फुंकलं. चौथीत कुणी फुंकायचं नाही. ती तुलनेसाठी. ती स्वच्छ राहिली, तरच म्हणता येतं की फरक श्वासामुळे पडला.

पाच मिनिटांत...

चौथी दुधाळ झाली.

"कुणी फुंकलं?" मी चिडून विचारलं.

"मॅडम, तिकडे कोणी गेलंच नाही. सच में," नीलम म्हणाली. पहिल्या बाकावरची, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी.

शंका आली की तपासायची, हेच तर मी शिकवत होते. ट्यूब मळकी असेल, म्हणून नवी घेतली. पुन्हा दुधाळ. निवळी जुनी असेल, म्हणून ताजी गाळली.

पुन्हा दुधाळ...

मग आणखी एक ताजी ट्यूब भरून ठेवली आणि मुलांना बाहेर काढलं. खिडक्या लावल्या. कुलूप घातलं. किल्ली माझ्या मुठीत. दहा मिनिटं आम्ही सगळे व्हरांड्यात उभे.

कुलूप काढलं.

दुधाळ.

लॅब अटेंडंट दौलतसिंह माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मैडम, अब रहने दीजिए. उसको अच्छा नहीं लगता."

"किसको?"

ते फरशीकडे बघत राहिले.

मला राग आला. मुलांना घरी सोडलं. लांब टेबलावर, भिंतीपासून माझ्या खुर्चीपर्यंत, एका ओळीत पाच ट्यूब मांडल्या. माझा श्वास मध्ये येऊ नये म्हणून मास्क लावला आणि एकटीच बसले.

पंखा बंद. घड्याळाची टिकटिक.

भिंतीजवळच्या ट्यूबमध्ये एक बुडबुडा आला...

मग भराभर. जोरात. कुणीतरी संतापून फुंकत असल्यासारखे.

दुसरी ट्यूब.

तिसरी.

ते ओळीने येत होतं. माझ्याकडे.

उठायचं होतं. पाय हलेनात. चौथीतली निवळी उसळून टेबलावर सांडली.

पाचवी माझ्या हाताशी होती. मी तिच्याकडे बघत राहिले.

तिच्यात बुडबुडा आलाच नाही...

माझा मास्क नाकातोंडावर दाबला गेला. घट्ट. तळहात दाबून धरावा तसा. समोर कुणीच नव्हतं. मी हवेला ओरबाडत होते आणि ते दाबतच होतं.

दौलतसिंहांनी दार ढकललं तेव्हा मी फरशीवर पडले होते. ओठ निळे पडले होते, असं ते सांगतात. त्यांनीच मास्क ओढून काढला. माझ्या गालावर चार बोटांचे वळ होते. आठवडाभर गेले नाहीत.

मी रजा टाकली. शुक्रवारी नीलमचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या जागी जयसिंहराव सरांनी आज तोच प्रयोग घेतला. तीन वेळा. चौथी ट्यूब एकदम साफ राहिली, पूरा एक घंटा. आता तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"बरं," एवढंच मी म्हणाले.

निकाल बदलला, तर आधी काय बदललं ते शोधायचं. खोली तीच. ट्यूब त्याच. चुना त्याच बरणीतला. मुलंही तीच.

फक्त मी तिथे नव्हते.

कंपू भागातल्या आमच्या घरी सासूबाई पान खातात. चुन्याची डबी ओट्यावरच असते. ग्लासभर पाण्यात चुना कालवायचा, गाळायचा, ग्लास रिकाम्या खोलीत ठेवून दार लावायचं, आणि मग दुधाळ झालं का ते बघायचं. फार काम नाही.

आज इतके दिवस झाले...

माझी अजून हिंमत होत नाही.