बिनधक्क्याची सुरुवात

मी त्याला दुकानदार समजले, यात माझी काही चूक नव्हती. तो काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि मी आत शिरल्यावर त्याने मान वर करून "बोला" असं म्हटलं होतं. एवढं झाल्यावर माणूस दुसरं काय समजणार?

मी पिशवीतून डबा काढला, डब्यातून जळका स्पीड कंट्रोलर काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. रिमोटवर चालणाऱ्या रेसच्या गाडीत काड्यापेटीएवढी ही वस्तू असते. रिमोट पिस्तुलासारखा असतो. त्याचा घोडा आपण जेवढा दाबू, त्या मानाने बॅटरीतून मोटारीला किती वीज सोडायची, ते ही डबी ठरवते. आमच्या डबीने ठरवणं सोडून दिलं होतं.

त्याने ती उचलून नाकाशी नेली.

"गेलीय," तो म्हणाला.

"ते मलाही कळलं. घरभर वास होता."

"पाण्यात चालवली होती?"

"ओल्या जमिनीवर… थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

"गच्चीवर डबकं होतं," मी म्हटलं. "त्याच्या मधोमध."

तो हसला. हसताना त्याचा डावीकडचा सुळा जरा पुढे आलेला दिसला. कुणाचे दात बघणं शिष्टाचाराला धरून नाही, पण माझा धंदाच तो आहे. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. सुळा छान होता, त्याला हात लावायचं काही कारण नव्हतं.

"मला स्वस्तातला हवाय," मी नजर दुसरीकडे वळवत म्हटलं. "पण पुन्हा जळणारा नको."

मोटार कुठली, बॅटरी किती सेलची, गाडी कुठल्या गटात पळते, असं त्याने एकेक विचारलं. गाडी रविवारच्या क्लबातल्या सुरुवातीच्या गटात पळायची. त्या गटात महागडे कंट्रोलर चालतच नाहीत, सगळ्यांनी साधेच वापरायचे असा नियम आहे. त्याने मागच्या फळीवरून दोन खोकी काढली.

"हा घ्या. जास्त अँपिअर सोसतो, पंखा मोठा आहे, पाणी लागलं तरी चालतो. मी स्वतः हाच वापरतो."

"आणि हा दुसरा?"

"याचा अँपिअरचा आकडा लहान आहे. याला सेन्सरची वायर जोडता येते, पण आपल्या गटात त्यावाचून काही अडत नाही."

आकडा मोठा म्हणजे जळण्याची भीती कमी, हे मला पटलं. मी पहिला उचलला. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक वयस्कर गृहस्थ कानाचा फोन काढत बाहेर आले.

"अहो लिफ्टवाले, तुम्हाला मी चहा घ्यायला बोलावलं होतं. दुकान चालवायला नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही दुकानदार नाही?"

"मी तसं म्हटलं का?"

"‘बोला’ म्हणालात."

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो. लिफ्ट दुरुस्त करतो ना… आत अडकलेल्या माणसाला दाराबाहेरून दुसरं काय म्हणणार?"

घरी जाईपर्यंत मी दोनदा हसले. बसमध्ये शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलंही.

गाडी मुळात दादाची. तो नोकरीसाठी दूर गेला आणि ती कपाटावर पडून राहिली. मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण उजवा हात तेवढा मागे राहिला. बाबा बसचे ड्रायव्हर होते. आयुष्यभर ज्या हाताने एवढी मोठी गाडी वळवली, त्या हाताला आता शर्टाचं बटण ऐकेना. त्यांनी बाहेर जाणं सोडलं. मित्र आले की झोपेचं सोंग घ्यायचे. एका दुपारी कंटाळून त्यांनी दादाची गाडी खाली काढली आणि घोड्यावर बोट ठेवलं. बोट थरथरलं, पण गाडी हलली. तेव्हापासून रविवारचा क्लब ही त्यांची घराबाहेर पडण्याची एकुलती एक जागा होती. त्यामुळे कंट्रोलर जळला, तेव्हा मी लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी काढून दुकान गाठलं होतं.

क्लब एका बंद पडलेल्या गोदामात भरायचा. जमिनीवर करडा गालिचा, वळणावळणांवर लाकडी पट्ट्या आणि एका बाजूला उंच फळी, जिच्यावर उभं राहून सगळ्यांनी आपापल्या गाड्या चालवायच्या. त्या रविवारी लिफ्टवालाही फळीवर होता; एरवी आमची फेरी यायच्या आत तो कामाला निघून जायचा, म्हणून आधी कधी दिसला नव्हता. मला बघून त्याने मान डोलावली. मीही डोलावली, जरा जास्तच.

शर्यत सुटली आणि बाबांची गाडी जागच्या जागी उचक्या द्यायला लागली. बाबा घोडा हलकेच दाबायचे, गाडी थरथरायची, अडखळायची आणि मग एकदम उसळी मारून पट्टीवर आदळायची. पुन्हा सरळ करून ठेवली, पुन्हा तेच. फळीवरचं कुणीतरी हसलं. ते बाबांना हसलं नव्हतं, पण बाबांनी रिमोट खाली ठेवला.

"घरी चल," ते म्हणाले.

"बाबा, अजून एक फेरी आहे."

"अशी गाडी मी कधी सोडली नाही, पोरी. उभे प्रवासी असायचे माझ्या बसमध्ये. कडेवर मुलं घेतलेल्या बायका असायच्या. कुणाचा कधी तोल गेला नाही." ते हाताकडे बघत राहिले. "आता नको हे."

त्यांना खुर्चीवर बसवून मी तडक लिफ्टवाल्याकडे गेले. तो गाडीची चाकं पुसत होता.

"तुम्ही मला सगळं विचारलंत," मी म्हटलं. "मोटार, बॅटरी, गट. चालवणार कोण, हे विचारलं नाहीत."

त्याने लांबून बाबांकडे पाहिलं. मग त्यांच्या मांडीवर ठेवलेल्या हाताकडे.

"मी रोज लोकांच्या कवळ्या बनवते," मी म्हटलं. मला थांबता येईना. "माप घेतल्याशिवाय नाही बनवत. आणि माप माझ्या तोंडाचं घेत नाही."

मला वाटलं तो काहीतरी समजावून सांगेल. आमच्या लॅबमधले सगळेजण सांगतात. तो मात्र चाक खाली ठेवून म्हणाला, "खरंय. मला जो बरा पडतो तो मी तुम्हाला दिला. चुकलंच माझं."

मी त्याच्या शेजारचं स्टूल ओढून बसले.

मग त्याने सांगितलं ते असं. सेन्सर नसला की मोटार सुरुवातीला कुठल्या स्थितीत उभी आहे हे कंट्रोलरला कळत नाही. तो अंदाजाने वीज सोडतो. अंदाज चुकला की उचकी. ज्याचं बोट झटकन घोडा दाबतं, त्याला हे जाणवतही नाही, गाडी त्याआधीच पळालेली असते. सावकाश दाबणाऱ्याला मात्र प्रत्येक उचकी लागते. आमची जुनी डबी सुरुवातीला वीज बेताने सोडायची, म्हणून तिच्या उचक्या कधी जाणवल्या नव्हत्या.

"तुमच्या मोटारीला मागे एक लहान खाच आहे का? रबराने बुजवलेली?"

होती. आम्ही कधी उघडलीच नव्हती.

"मग बरं. सेन्सरची वायर तिथेच लागते. मोटार बदलायला नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आणि मी दुकानात गेलो. वापरलेला कंट्रोलर दुकानदार परत घेईनात, तर लिफ्टवाल्याने तो स्वतःसाठी ठेवून घेतला, जोडीला एक लागतोच म्हणाला. नवा मात्र मीच निवडणार, असं मी सांगून टाकलं. या वेळी आमच्यासमोर सेन्सरवाले दोन होते. एक चकचकीत, नव्या बनावटीचा, पण त्यात बदल काही करता येत नव्हते. दुसरा जुन्या पद्धतीचा, जाड, दिसायला ओबडधोबड. त्याच्याबरोबर एक लहान पट्टी मिळत होती. ती जोडून सुरुवात किती मऊ हवी, ब्रेक किती हळू लागायला हवा, हे ठरवता यायचं.

"अँपिअर दोघांचे तुमच्या मोटारीला पुरून उरतील," तो म्हणाला. "आता तुम्ही बोला."

"हा जाडा."

"का?"

"कवळी पहिल्याच दिवशी बसत नाही. नंतर घासून जमवता आली पाहिजे."

त्याने जाडा उचलून माझ्या हातात दिला. "दुखत नाही का हो तुमच्या गिऱ्हाइकांना… तुम्ही इतकं स्पष्ट बोलता ते?"

"माझी गिऱ्हाइकं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे फक्त दात येतात."

दुकानदारांनी बिल करता करता चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

बाबा तयार नव्हते. "कशाला खर्च केलास," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. लिफ्टवाल्याने त्यांना काही समजावलं नाही. त्याने आमच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात बसकण मारली, कंट्रोलर जोडला, वायर खाचेत बसवली आणि गाडी स्वतःच चालवायला लागला. मुद्दाम वाईट चालवत होता की काय, कोण जाणे. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"सुरुवातीलाच एवढी दाबतात का?" ते म्हणाले.

"मग कशी, काका?"

"आण इकडे."

बाबांनी माझ्या पेनाचं टोपण मागून घेतलं आणि गाडीच्या टपावर उभं ठेवलं. "हा प्रवासी," ते म्हणाले. घोड्यावर बोट ठेवलं. गाडी निघाली, टोपण पडलं. लिफ्टवाल्याने पट्टी जोडून सुरुवात आणखी मऊ केली. पुन्हा पडलं. बाबांचं बोट थरथरलं की गाडीही थरथरायची, म्हणून त्याने रिमोटमध्येही बदल केला. घोडा अगदी थोडा हलला तर गाडीने त्याची दखलच घ्यायची नाही. बाहेर पाऊस वाजत होता, व्हरांड्याच्या कडेने शिंतोडे येत होते आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून एका टोपणाकडे बघत होतो.

मग एकदा गाडी निघाली आणि टोपण उभंच राहिलं. व्हरांड्याच्या टोकापर्यंत राहिलं.

 बाबांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि नुसता दाबला. मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले. परत आले तेव्हा बाबा त्याला घाटातल्या वळणांच्या गोष्टी सांगत होते आणि तो मन लावून ऐकत होता. कप घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्याने कप घेतला, पण हात लगेच मागे नेला नाही… आणि मीही नाही.

त्यानंतर तो येतच राहिला. गाडीत दर वेळी काहीतरी निघायचं. आला की आधी बाबांच्या शेजारी बसायचा, मग "बघू जरा" म्हणून गाडी उलटी करायचा. बाबा मित्रांना घरी बोलवायला लागले. बटणं अजून मीच लावत होते, पण आता ते त्याबद्दल चिडत नव्हते. तो माझ्यासाठी येतो की बाबांसाठी, हे मात्र मला कळत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. इतकी स्पष्ट बोलणारी मी.

मोसमातली शेवटची शर्यत आली. बाबा आणि तो एकाच फेरीत होते. उलटलेल्या गाड्या सरळ करायला वळणावर माणसं उभी करतात, त्यात मी होते. गाडी सुटताना मी फक्त बाबांच्या गाडीकडे पाहिलं. ती न अडखळता निघाली. पुढे गेली नाही, पण आपल्या रांगेतून सरळ, एका चालीने. तिसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्यांच्या मधून बाबा सावकाश निघून गेले.

त्यांतली एक सरळ करायला मी वाकले.

"अगं, मागे हो! तुझ्या पायाशी…"

मी मागे सरले. एक गाडी माझ्या घोट्याला चाटून गेली. वर पाहिलं तर फळीवर लिफ्टवाला माझ्याकडे बघत होता. पहिल्या क्रमांकावर पळणारी त्याची स्वतःची गाडी तोवर पट्टीत घुसून चाकं वर करून पडली होती.

बाबा शेवटून तिसरे आले. पण एकदाही आदळले नाहीत आणि हे ते गोदामातल्या प्रत्येकाला सांगत सुटले. लिफ्टवाला त्यांच्याही मागे होता. तो बाहेरच्या पायऱ्यांवर बसला होता. मी जाऊन शेजारी बसले.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"नाही." मग मी म्हटलं, "मघाशी तुम्ही मला एकेरीत हाक मारलीत."

"गडबडीत झालं."

"मी तक्रार करत नाहीये."

तो गाडीचं एक चाक फिरवत राहिला.

"तुमच्या… तुझ्या बाबांच्या गाडीत आता काही काम उरलेलं नाही," तो म्हणाला. "खरं म्हणजे बरेच दिवस नाही. गेल्या खेपेला जो स्क्रू सैल होता, तो मीच केला होता."

"माहीत आहे. बाबांनी पाहिलं होतं."

त्याचे कान लाल झाले. "काही बोलले नाहीत ते."

"मला म्हणाले. म्हणाले, करू दे त्याला."

आता त्याने चाक सोडलं. "काका मला आवडतात. त्यांच्यासाठीही येतोच. पण त्यांच्यासाठी मी शर्टाला इस्त्री करत नाही." तो थांबला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मला तू आवडतेस. दुकानात ‘मधोमध’ म्हणालीस ना, तेव्हापासून. आता यायला कारण काय सांगू, तेवढं सांग."

माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला अजून नवल वाटतं.

"उद्या ये," मी म्हटलं. "कारण आणू नकोस."

"येतो," तो म्हणाला. त्याने माझा हात हातात घेतला, हातांना वंगण लागलेलं आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही.  आत बाबा कुणाला तरी तिसऱ्या वळणाची हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.